पाच सडांची गाय

दुधाळ गायींची धार पहाटे आणि संध्याकाळी काढली जाते, आणि कौटुंबिक गोधन मूल्यमापन कार्यालय दहा ते पाच या वेळेत उघडं असतं. या दोन वस्तुस्थितींचा एकमेकींशी मेळ बसत नाही, हे कार्यालयाच्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. लक्षात आल्यावर मात्र उपाय तातडीने योजण्यात आला. गायींनी कार्यालयीन वेळेत दूध द्यावं, असं गोपालकांमार्फत कळवण्यात आलं. गायींकडून प्रतिसाद मिळाला नाही. तेव्हा वरिष्ठ पातळीवर असा निर्णय झाला, की यापुढे गायीची प्रतवारी दुधावरून न करता कासेवरून करावी. दुधाचं काय, येतं आणि जातं. उतू जातं, नासतं, मांजर पितं. कास मात्र गायीला कायमची लागलेली असते आणि दहा ते पाचमध्ये केव्हाही मोजता येते. मोठी कास म्हणजे जास्त दूध, लहान कास म्हणजे कमी दूध, हे तर लहान मुलालाही समजतं. लहान मुलाला समजतं म्हणूनच ते परिपत्रकात घालता आलं.

परिपत्रक निघालं तेव्हा शिंपी आपल्या दुकानात कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत बसला होता. आपला याच्याशी काही संबंध येईल, असं त्याला वाटलं नाही.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला टांगलेले बिनहाताचे शर्ट, कोपऱ्यात कपड्यांच्या तुकड्यांचा ढीग. मधल्या खोलीत शिंप्याची आई, त्यामागे स्वयंपाकघर, आणि त्याच्याही मागे पत्र्याचं छप्पर घातलेला एका गायीपुरता गोठा. गाय शिंप्याच्या बायकोची होती. नाव काडी. अंगाने काडी, शिंगांनी काडी, आणि कास इतकी आटोपशीर की पाहुणे हमखास विचारत, "अजून व्यायची आहे का हो?"

पण शिंपीणबाई बादली घेऊन खाली बसली की काडी पान्हा सोडायची आणि बादली भरायची. मग दुसरं भांडं घ्यावं लागायचं. एवढं दूध ही ठेवते कुठे, हे घरात कुणालाच कळलेलं नव्हतं. धार संपली की कास रिकाम्या पाकिटासारखी चपटी व्हायची आणि काडी पुन्हा आपली वैरण चावत उभी राहायची, जसं काही झालंच नाही. घरचं भागून गल्लीतली बरीचशी घरं काडीच्या दुधावर होती.

"काही बायका असतात ना, दिसायला एवढ्याशा, पण घर एकहाती ओढतात," शिंप्याची आई म्हणायची. "तशी आहे ती." मग सुनेकडे बघून खुलासा करायची, "तुला नाही म्हणत मी."

कासनिरीक्षक आला तो भर दुपारी. गळ्यात ओळखपत्र, काखेत पिशवी, पायात चकचकीत बूट. गोठ्यात शिरताना त्याने नाकाला रुमाल लावला. हा माणूस पूर्वी वजनमापं तपासत असे, आणि एखादी गोष्ट मोजण्यापूर्वी ती काय आहे हे माहीत असलं की निःपक्षपातीपणा राहत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्याने पिशवीतून पोलादी टेप काढली आणि काडीच्या कासेला लावली. पोलाद गार होतं. काडीने शांतपणे मागचा पाय उचलला आणि निरीक्षकाची पिशवी शेणाच्या घमेल्यात जाऊन पडली.

"गाय असहकार करते आहे," निरीक्षक म्हणाला.

"साहेब, माझी कापडी टेप घ्या," शिंपी धावत आला. "ही मऊ आहे."

मग निरीक्षकाने एक टोक धरलं, शिंप्याने दुसरं. शिंप्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सैल ठेवायचं, की अंगाबरोबर?"

निरीक्षकाने माप वाचलं, मान हलवली, पुन्हा वाचलं. "सकाळी धार काढली होती का?"

"हो तर," शिंपीणबाई म्हणाली. "म्हणून तर एवढीशी दिसते आहे. संध्याकाळी या ना, भरलेली असेल."

"संध्याकाळी मी घरी असतो."

शिंपीणबाई आत गेली आणि सकाळच्या दुधाचं पातेलं घेऊन आली. काठोकाठ भरलेलं. "हे बघा. हे एका वेळचं."

निरीक्षकाने एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा कासेकडे. त्याचा चेहरा गंभीर झाला. "बाई, या कासेतून एवढं दूध निघू शकत नाही. हे आलं कुठून?"

"सडातून."

"उडवाउडवीची उत्तरं नकोत. या मापाच्या कासेतून फार तर वाटीभर दूध निघतं, असं कोष्टक आहे. वाटीच्या वरचं जे काही आहे, ते बेहिशोबी दूध आहे."

"मग खालचं कुठलं आणि वरचं कुठलं ते तुम्हीच वेगळं करून घ्या की," मधल्या खोलीतून म्हातारी म्हणाली.

निरीक्षकाने नमुना म्हणून एक ग्लास दूध पिऊन पाहिलं. ओठ पुसले. "दूध उत्तम आहे," त्याने मोकळेपणाने कबूल केलं. "कुणाचंही असो." आणि दारावर लाल पाटी ठोकून गेला : कास कनिष्ठ.

शेजारी निवृत्त हेडमास्तर राहत. त्यांच्याकडेही गाय होती, तिला ते राणीसाहेब म्हणत. राणीसाहेबांची कास गुडघ्यापर्यंत लोंबत होती. चालताना ती अंथरुणाची वळकटी घेऊन प्रवासाला निघालेल्या माणसासारखी दिसायची. मात्र ती कास होती नुसत्या मांसाची. धारेपूर्वी जेवढी, तेवढीच धारेनंतर. दूध निघायचं ते हेडमास्तरांच्या चहापुरतं, आणि तेही राणीसाहेबांची मर्जी असली तर. निरीक्षकाने टेप लावली तेव्हा ती पुरली नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. हेडमास्तरांच्या फाटकाला सोनेरी पाटी लागली : कास श्रेष्ठ.

"मी तिच्याशी रोज शुद्ध भाषेत बोलतो," हेडमास्तर फाटकाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. "शेवटी संस्कार असतात."

आठवडाभरात शिंपीणबाईची गिऱ्हाइकं तुटली. पोस्टातला कारकून स्वतः सांगायला आला. माणूस सभ्य होता. "वहिनी, दुधाबद्दल काही तक्रार नाही हो. पण घरात लहान मूल आहे. उद्या त्याचं काही बिनसलं, तर लोक विचारतील ना, की पाटी लाल दिसत होती तरी दूध कसं घेतलंत?"

"अहो, वर्षभर हेच दूध पिऊन ते मूल एवढं गुटगुटीत झालंय."

"तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं," कारकून म्हणाला.

सगळे हेडमास्तरांकडे वळले. आता राणीसाहेबांकडे दूध नव्हतं, ही अडचण किरकोळ होती. दुसऱ्याच दिवशी मास्तरीणबाई किटली घेऊन शिंप्याच्या मागच्या दाराने आल्या. पदराखाली किटली, चेहऱ्यावर हसू.

"अगं, तुझ्याकडे उरतच असेल ना आता? नासवण्यापेक्षा मला देत जा. फक्त मागच्या दारानेच देत जा हो. उगाच लोकांचा गैरसमज नको."

अशा रीतीने काडीचं दूध मागच्या दाराने निघून पुढच्या फाटकातून गल्लीभर जाऊ लागलं, आणि वाटेत महागही होऊ लागलं. कारकुनाने एकदा शिंपीणबाईला रस्त्यात गाठून मन मोकळं केलं. "राग मानू नका वहिनी, पण आता चव घेतल्यावर कळतं, इतके दिवस आम्ही काय पीत होतो ते. शेवटी कासेचा फरक पडतोच."

घरी येऊन शिंपीणबाईने काडीला नेहमीपेक्षा जास्त पेंड घातली आणि नवऱ्याला नेहमीपेक्षा कमी भाजी वाढली.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण निरीक्षक पुन्हा आला. या वेळी बूट साधे होते. कनिष्ठ कासेच्या गायी अनुत्पादक ठरल्या होत्या, आणि त्यांना संगोपन केंद्रात हलवायचं ठरलं होतं. त्याआधी एक फेरमोजणी होईल.

"संगोपन केंद्रात तिचं काय करतात?" शिंपीणबाईने विचारलं.

"नोंद करतात."

"आणि मग?"

"मग नोंद राहते."

"आणि गाय?"

निरीक्षकाने छपराच्या पत्र्याकडे पाहिलं. "पत्रा चांगला आहे तुमचा," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्या संध्याकाळी चूल थंड होती. शिंपीणबाई गोठ्यात काडीच्या मानेला हात टाकून बसली होती. ही गाय तिने वासरू असताना आणलेली, बाटलीने दूध पाजून वाढवलेली. शिंपी दारात उभा राहून घसा खाकरत होता. म्हातारीने रडणं, भांडणं आणि उपाशी राहणं, या तिन्ही गोष्टी एकदमच सुरू केल्या होत्या.

"अहो," शिंपीणबाई अखेर म्हणाली, "मूल्यमापनाच्या बड्या साहेबांचा कोट कोण शिवतं?"

"मीच."

"त्यांना स्वतःचे खांदे आहेत का?"

शिंप्याने मागे वळून दार लोटून घेतलं. हा धंद्यातला गुपिताचा भाग होता.

"नाहीत ना? तुम्ही कापूस भरता म्हणून आहेत. वकिलांची छाती कुणाची? तुमचीच. उभ्या गावाला तुम्ही अंग दिलंत, आणि घरच्या गायीला नाही म्हणता?"

"मी कुठे नाही म्हटलं?" शिंपी म्हणाला. "अस्तर कुठलं लावायचं, याचा विचार करतोय."

एकदा कामाला लागल्यावर शिंप्याचा चेहराच पालटला. कोट, शर्ट, पडदे शिवून कंटाळलेल्या माणसाला पहिल्यांदाच आव्हान मिळालं होतं. फिकट गुलाबी मऊ कापड, आत पिंजलेला कापूस, वरून पुसटशा शिरा दिसाव्यात म्हणून निळ्या दोऱ्याची धावदोऱ्याची शिलाई. बंद पोटाखालून पाठीवर न्यायचे आणि त्यांवर झूल घालायची. बसवून बघण्यासाठी त्याने काडीला दोनदा उभं केलं, तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरला, मागे सरून डोळे बारीक केले. काडीने मान वळवून आपल्या नव्या कासेकडे पाहिलं, एक मोठा श्वास सोडला आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं.

"डावीकडे जरा उतरलीये," म्हातारी म्हणाली.

"खऱ्या कासाही उतरतात, आई."

"खऱ्या चालतात उतरलेल्या. खोटी सरळ पाहिजे."

फेरमोजणीच्या दिवशी निरीक्षक आला आणि गोठ्याच्या दारातच थबकला. काडीच्या दोन्ही मागच्या पायांमध्ये एक भव्य, गुलाबी, टम्म कास विराजमान होती. तिच्यामागे उभी असलेली गाय शोधावी लागत होती.

"ही तीच गाय?"

"पेंड बदलली," शिंपीणबाई म्हणाली.

निरीक्षकाने माप घेतलं. कापडी टेप पुरली, पण जेमतेम. मग तो वाकून सड मोजू लागला. एक, दोन, तीन, चार... तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून मोजले. शिंप्याने घाईत, घाबरत आणि कलेच्या धुंदीत, पाच सड शिवले होते.

"पाच," निरीक्षक म्हणाला.

निरीक्षकाने नियमावली काढली, बोट फिरवत वाचली. "सड किमान चार असावेत, असं आहे. कमाल किती ते दिलेलं नाही." त्याने मान वर केली. चेहऱ्यावर आदर होता. "म्हणजे हा अतिरिक्त गुण धरावा लागेल."

काडीच्या दारावरची लाल पाटी उतरली आणि सोनेरी चढली, तीही कोपऱ्यात चांदणी असलेली. संध्याकाळी पोस्टातला कारकून दारात हजर. "वहिनी, आमचं दूध पुन्हा सुरू करता का? घरात लहान मूल आहे."

शिंपीणबाईला हसू आवरेना. पण ते फार दिवस टिकलं नाही. श्रेष्ठ गायीच्या मालकाने कासेच्या प्रमाणात दूध कार्यालयाच्या दूधकेंद्रावर घालायचं, असा नवा नियम निघाला होता. काडीची नवी कास कोष्टकात बसवली, तर तिने घरातले सगळे हंडे, बादल्या आणि न्हाणीचं पिंप भरायला हवं होतं. काडी द्यायची ती आपली नेहमीचीच बादली आणि वर एक भांडं. सगळं दूध केंद्रावर ओतलं तरी दूधकेंद्रातली बाई कपाळाला आठ्या घालायची.

"बाकीचं कुठेय?"

"एवढंच निघालं."

"पाच सडांच्या गायीला? एक सड तुम्ही घरासाठी राखून ठेवलाय. खरं सांगा."

शिंप्याच्या घरी काळा चहा सुरू झाला. गिऱ्हाइकांना दूध नाही, म्हातारीला दूध नाही. शिंपीणबाई केंद्राला निघताना नळावर थांबू लागली. तिथे तिला गल्लीतल्या इतर बायकाही भेटू लागल्या, प्रत्येकीच्या हातात दुधाची किटली, प्रत्येकीची नजर दुसरीकडे. केंद्रातल्या बाईने एकदा दुधात काचेची नळी बुडवली. "यात पाणी आहे," ती म्हणाली.

"गाय पाणी पिते," शिंपीणबाईने सांगितलं. हे उत्तर ग्राह्य धरण्यात आलं.

गल्लीतल्या बायका नळावर होत्या, कारण गल्लीतल्या गायी शिंप्याकडे येऊन गेल्या होत्या. ही बातमी फुटली कशी, ते सांगता येत नाही. म्हातारीने फक्त तिघींना सांगितलं होतं आणि तिघींनाही शपथ घातली होती. आधी मागच्या दाराने लोक आले, मग पुढच्या दाराने, मग रांग लागली. शिंप्याने कोटांची कामं बंद केली. औषधवाल्याच्या गायीला भरघोस, बेकरीवाल्याच्या गायीला मध्यम पण ठसठशीत. यंदा भार पुढच्या बाजूला चालतोय, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी पुढे भार घेतला. बेकरीवाल्याची गाय त्या भाराने तोंडावर आपटली. औषधवाल्याची फाटकात अडकली, तर त्याने फाटक तोडलं, पण एक टाका काढू दिला नाही.

शेवटी खुद्द हेडमास्तर आले. राणीसाहेबांची अस्सल कास आता गल्लीत सर्वांत लहान दिसत होती.

"तत्त्वतः मी या गोष्टीच्या विरोधात आहे," ते खुर्चीवर टेकत म्हणाले.

"बरं," शिंपी म्हणाला.

"पण समाजात राहायचं म्हणजे... थोडीशीच वाढवून द्या. आणि सड पाच करा. लोक विचारतात हो."

लोक विचारत होते, कारण नियमावली बदलली होती. काडीचा अहवाल वर गेला तेव्हा बड्या साहेबांनी विचारलं, की एका शिंप्याच्या गायीला जे जमतं, ते इतर गायींना का जमू नये? किमान सड पाच करण्यात आले. त्या दिवसापासून चार सडांची गाय अपूर्ण ठरू लागली, आणि ज्या कुणाकडे साधीसुधी, जन्मली तशी गाय होती, तो ती लपवून ठेवू लागला.

कार्यालयात सगळ्या कासांची बेरीज झाली. बेरजेप्रमाणे गावात इतकं दूध होतं की ते साठवायला जागा नव्हती. म्हणून बाहेरून येणारी दुधाची गाडी बंद करण्यात आली. गाडी बंद झाल्यावर गावात दूधच उरलं नाही, आणि या समृद्धीचा आनंद साजरा करण्यासाठी कार्यालयाच्या सभागृहात समारंभ ठेवण्यात आला.

व्यासपीठावर बडे साहेब होते, शिंप्याने दिलेल्या खांद्यांसह. "आपण दुधाच्या महापुरात उभे आहोत," ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मग चहा आला. काळा.

शिंप्याची आई पहिल्या रांगेत बसली होती. तिने कपात पाहिलं आणि हात वर केला. "साहेब, यात दूध घालायचं राहिलं."

"आजी, दूध भरपूर आहे," साहेब हसून म्हणाले. "प्रश्न फक्त उपलब्धतेचा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आहे, पण मिळत नाही."

"मग पूर्वी बरं होतं. नव्हतं, पण मिळायचं."

शिंपीणबाईने सासूच्या पदराला हिसडा दिला. शिंप्याला वाटलं, संपलं. आता साहेब चौकशी लावणार, गोठ्यात माणसं येणार, झूल उचलणार. पण साहेब विचारात पडले होते. म्हातारीच्या बोलण्यातून त्यांना मूळ दोष सापडला होता. दोष हा, की लोक अजून दूध केंद्रावर आणत होते. आणलेलं दूध मोजलं जायचं, मग ते बेरजेशी जुळायचं नाही, आणि मग लोकांचा गैरसमज व्हायचा. त्याच ठिकाणी निर्णय जाहीर झाला : यापुढे केंद्रावर दूध आणू नये. गाय आणावी, कास मोजून घ्यावी, घरी जावं. दूध जमा झालं असं समजण्यात येईल.

लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या, की बड्या साहेबांना वाकून नमस्कार करावा लागला.

त्यानंतर कुणाचीच तक्रार राहिली नाही. काडीचं दूध घरात राहू लागलं. कारकुनाच्या मुलाला मिळू लागलं, मास्तरीणबाईंची किटली पुन्हा मागच्या दाराशी आली. राणीसाहेब, भरीव कासेवर भरीव कास घालून, फाटकाशी उभ्या राहू लागल्या. शिंप्याने दुसरं मशीन घेतलं, दोन कारागीर ठेवले. शिंपीणबाईच्या चालण्यात फरक पडला. पूर्वी ती "आमची काडी" म्हणायची, आता "आमच्याकडची पाच सडांची" म्हणू लागली. आणि एक दिवस तिने ठरवलं, की दुसरी गाय घ्यायची.

जनावरांच्या बाजाराला दोघं बरोबर गेली. शिंप्याला एक लहानखुरी, शांत डोळ्यांची गाय आवडली. पोटाखालून दुधाची जाड शीर गेलेली, कास नीटनेटकी.

"ही बघ," तो म्हणाला. "अगदी काडीसारखी आहे."

"शी!" शिंपीणबाई म्हणाली. "हिला दारात बांधायचं? लोक काय म्हणतील?"

"अगं, पण तुला तर माहितीये..."

"माहितीये हो सगळं. पण चारचौघांत आपलं एक नाव आहे."

ती पुढे गेली. बाजाराच्या टोकाला, झूल पांघरलेली एक धिप्पाड गाय उभी होती. तिच्या कासेभोवती लोकांनी कोंडाळं केलं होतं. गुलाबी, तुळतुळीत, निळ्या शिरांची नक्षी असलेली कास. शिंपीणबाईचे डोळे चमकले. विकणारा अनोळखी, लांबच्या गावचा. झूल काढायला तो तयार नव्हता, गायीला गारवा बाधतो म्हणाला. शिंपीणबाईने घासाघीससुद्धा केली नाही. शिंपी मागून काहीतरी पुटपुटत होता, पण बाजारात गलका होता, आणि शिवाय ती त्याचं ऐकत नसे.

घरी आणून धार काढायला बसली, तर हातात कापूस आला.

शिंपी खाली बसला, शिलाईवरून बोट फिरवलं. "मगाशी हेच सांगत होतो," तो म्हणाला. "काम आपलंच आहे. मागच्या महिन्यातलं. कापड जरा महागातलं वापरलंय."

आतलं सगळं सोडवून पाहिलं. गाय भाकड होती. तिला बहुधा कधीच दूध आलेलं नव्हतं. म्हातारी एवढी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. शिंपीणबाई थोडा वेळ पिंजलेल्या कापसाच्या ढिगाशी बसून राहिली. तिला रडू येत होतं की राग, ते तिचं तिलाच ठरवता येईना. मग ती उठली, तिने कापूस गोळा करून पुन्हा आत भरला, बंद आवळून बांधले, आणि गाय पुढच्या दारात, रस्त्यावरून दिसेल अशी बांधली. काडी मागे गोठ्यातच राहिली. दूध काडीचं, पाटी हिची. संध्याकाळपर्यंत गल्लीतले बहुतेकजण गाय बघून गेले. कारकुनाने तर मुलाला तिच्यासमोर उभं करून फोटो काढला.

आता शिंप्याच्या दुकानात गायींचं काम कारागीरच करतात. तो स्वतः माणसांकडे वळला आहे. पूर्वीसारखे नुसते खांदे आणि छाती नाही. कुणाला समोरच्यावर छाप पडेल असं कपाळ हवं असतं, कुणाला मोठ्या पगाराला शोभेलसं पोट, कुणाला पुस्तकं वाचून येतो तसा खांद्यांचा थोडा बाक. सगळं आतून, अस्तराखालून, कुणाच्या लक्षात न येईल असं. मागच्या दाराने येणाऱ्यांची गर्दी मोठी आहे, पण शिंपी तोंडाचा पक्का आहे. आपण येऊन गेलात, हे त्याने आम्हालाही सांगितलेलं नाही. त्याने फक्त एवढाच निरोप ठेवला आहे, की असल्या गोष्टी वाचताना फार जोरात हसू नका. शिलाई नवी आहे, उसवेल.